चौदा वर्षं झाली, मामा अजूनही म्हणतो मी केलं नाही. माफीच्या अर्जात पश्चात्ताप लिहावाच लागतो का?

भीमाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा ही विनंती. माझा सख्खा मामा ३०२ मध्ये जन्मठेप भोगतोय. बांधावरून भावकीत भांडण, एका रात्री एक जण गेला, फिर्यादीत चार नावं आली त्यात मामाचं पण. मामा त्या रात्री गावातच नव्हता असं तो पहिल्या दिवसापासून सांगतोय, पण ज्याच्याकडे मुक्कामाला होता तो माणूस साक्षीला आलाच नाही. त्याच्या विरोधात काय तर फिर्यादीच्या घरातल्याच दोन साक्षी आणि "आरोपीने काढून दिलेली" कुऱ्हाड. सेशनला जन्मठेप झाली, हायकोर्टात अपील फेटाळलं, दिल्लीला एसएलपी (सुप्रीम कोर्टात अपिलाची परवानगी मागणारा अर्ज) केली ती पण पहिल्याच तारखेला गेली.

आता चौदा वर्षं भरत आलीत आणि मुदतपूर्व सुटकेचा प्रस्ताव जायची वेळ आलीय. आत अर्ज लिहून देणारा एक बंदी आहे, आणि बाहेर अशी कामं करून देणारा एक ओळखीचा माणूस आहे, दोघंही सांगतात की अर्जात "माझ्या हातून घडलेल्या कृत्याचा मला पश्चात्ताप होत आहे" हे वाक्य टाका नाहीतर फाइल पुढे सरकत नाही. मामाने तो कागद तसाच परत दिला. मुलाखतीला गेलो तेव्हा काचेपलीकडून फोनवर मला म्हणाला, "अरे मी चौदा वर्षं रोज सकाळी गिनतीला उभा राहिलो, सगळं केलं त्यांनी सांगितलेलं, पण हे लिहिलं तर चौदा वर्षं मी खोटं बोललो असं होईल."

आजी ऐंशीच्या पुढे गेलीय. ती म्हणते सही कर आणि घरी ये, खरं काय ते देवाला ठाऊक आहे. घरात यावरून रोज वाद. माझे प्रश्न एवढेच: कायद्याने पश्चात्ताप लिहिणं सक्तीचं आहे का? नाही लिहिलं तर नुकसान होतं का? आणि लिहिलं तर पुढे कधी काही पुरावा मिळाला तर तो कागद आडवा येईल का?

कोर्टकचेरी

दादा, मी बरीच वर्षं विधी सेवेच्या पॅनलवर जेल अपिलं बघतोय, त्यामुळे जेवढं पक्कं माहीत आहे तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट, सक्ती नाही. सुप्रीम कोर्टाने २००० साली लक्ष्मण नस्कर केसमध्ये जन्मठेपेच्या कैद्याला लवकर सोडताना काय बघायचं ते सांगितलंय. गुन्ह्याचा परिणाम समाजावर झाला की तो वैयक्तिक होता, पुन्हा गुन्हा व्हायची शक्यता आहे का, गुन्हा करण्याची त्याची क्षमता उरलीय का, अजून आत ठेवून काही साधणार आहे का आणि घरची परिस्थिती काय आहे. यात कबुली दे असं कुठेही नाही. जुन्या सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ४३२, ४३३ए, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ४७३ आणि ४७५, तिथेही नाही. खुनाच्या जन्मठेपेत प्रत्यक्ष चौदा वर्षं झाल्याशिवाय सोडता येत नाही एवढी अट आहे, आणि ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्या कोर्टाचं मत मागवलं जातं.

पण चौदा भरली म्हणजे दार उघडलं असंही समजू नका, इथे खूप लोक फसतात. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१० च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात खुनाचे प्रकार पाडलेत आणि प्रत्येकाला वेगळी वर्षं, बावीस, चोवीस, सव्वीस अशी, माफीचे दिवस (चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेतून कमी होणारे दिवस) धरून. मामा कुठल्या कॅटेगरीत बसतो हे निकालपत्रात गुन्ह्याचं वर्णन काय आहे त्यावर ठरतं. तो शेतावरचा वाद धरला की पूर्वनियोजित कट धरला, एवढ्या एका गोष्टीवर दोन-चार वर्षं इकडची तिकडे होतात. आणि शिक्षा झाली त्या तारखेला जे धोरण होतं ते लागू होतं, नंतरचं जास्त फायद्याचं असेल तर ते मागता येतं (जगदीश केस, २०१०). माझं स्पष्ट मत आहे की तुमची सगळी ताकद या कॅटेगरीवर लावा. मी ज्या फायली अडलेल्या बघितल्या त्या पश्चात्तापाच्या वाक्यावर अडल्या नव्हत्या, चुकीच्या कॅटेगरीवर आणि पोलिसांच्या एका ओळीच्या रिपोर्टवर अडल्या होत्या.

तिसरा प्रश्न. माफी मिळाली तरी शिक्षा माफ होते, दोष तसाच राहतो. त्यामुळे माफी मागणं म्हणजे गुन्हा कबूल करणं होत नाही, हे आजींना पण सांगा आणि मामांना पण. मात्र स्वतःच्या सहीने "माझ्या हातून घडलं" असं लिहून दिलं तर ते कायमचं रेकॉर्डला राहतं. उद्या रिव्ह्यू, क्युरेटिव्ह (सुप्रीम कोर्टाला स्वतःचाच निकाल परत तपासायला सांगणारे अर्ज) काही करायची वेळ आली तर समोरचा वकील तो कागद काढणारच, मी असतो तर मीही काढला असता. मामा सही करत नाहीत ते बरोबर करतायत.

सातमजली

माझा भाऊ आठ वर्षांनी हायकोर्टातून निर्दोष सुटला म्हणून लिहितेय. आमच्याकडे अपील पेंडिंग होतं, तुमच्याकडे सगळं संपलंय, फरक आहे मला कळतं. पण तुमचे मामा जे म्हणतायत ना ते मी शब्दन् शब्द ऐकलंय.

आत गेल्यावर माणसाकडे स्वतःचं काही राहत नाही हो. कपडे तिथले, नंबर तिथला, जेवायची वेळ त्यांची, पत्र पण वाचून मग देतात. भाऊ सांगायचा की बराकीत पहिल्या वर्षी सगळेच म्हणतात मी निर्दोष, मग अपील फेटाळलं की हळूहळू बोलणं बंद होतं, कारण ऐकणारं कोणी नसतं आणि जुने बंदी हसतात. त्यानंतरही जो म्हणत राहतो त्याला तेवढंच एक धरायला असतं. भाऊ एका वहीत केसमधल्या तारखा लिहायचा, पंचनामा किती वाजता, अटक किती वाजता, मेडिकल किती वाजता, आणि दर मुलाखतीला मला तेच परत परत वाचून दाखवायचा, मला राग यायचा की वीस मिनिटं मिळतात त्यात आईची चौकशी कर, पोरांची कर. पण त्याच वहीतून वकिलांना सापडलं की पंचनाम्यावर सही करणारा पंच त्या वेळेला दुसऱ्याच गावी सरकारी कामावर हजर होता.

म्हणून सांगते, मामांना तोडून बोलू नका. घरातल्यांनीच "कर सही" म्हटलं की त्याला वाटतं आता घरात पण कोणी मानत नाही. माझ्या भावाला पोलिसांचं एवढं लागलं नाही जेवढं आमच्या थोरल्या काकांचं "असेल काहीतरी, उगाच कोण नाव घेतं" लागलं. ते वाक्य तो अजून विसरला नाही.

रानमोगरा

मी दुसऱ्या बाजूने लिहितोय, राग मानू नका. माझ्या चुलत्याचा खून झालाय आणि ज्यांना शिक्षा झाली ते पण आजतागायत म्हणतात आम्ही नाही. दर वेळी फर्लोचा (जेलमधून ठरावीक दिवसांच्या रजेचा) अर्ज आला की पोलीस आमच्या दारात येतात, तुमचं म्हणणं काय, तुम्हाला धोका आहे का. काकू तेव्हा दोन दिवस जेवत नाही. तुमच्या मामाचं खरं असेलही, मला माहीत नाही, पण प्रत्येक केस तशी नसते आणि आमच्यासारख्यांना कोर्टाच्या निकालाशिवाय धरायला दुसरं काय आहे?

एक मात्र सांगतो. आमच्याकडच्या एका आरोपीने पश्चात्तापाचं पत्र लिहिलं होतं, ते आम्हाला वाचून दाखवलं. कोणीतरी लिहून दिलेलं आहे हे पहिल्याच ओळीत कळत होतं, सगळ्यांची पत्रं तशीच असतात. काकूला त्याने काडीचं समाधान मिळालं नाही, उलट जास्त संताप झाला. त्यामुळे असं खोटं पत्र आमच्या बाजूच्या माणसालाही नकोच असतं.

कोर्टकचेरी

@रानमोगरा, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, आणि राग मानण्यासारखं त्यात काही नाही. चुकीचा माणूस आत गेला तर तुमच्यासारख्यांचा पण न्याय होत नाही, खरा करणारा बाहेरच राहतो. आपल्याच राज्यातली केस आहे, अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य.

जून २००३, नाशिक जिल्हा. शेतातल्या झोपडीत रात्री दरोडा पडला, एकाच घरातली पाच माणसं मारली, बायकांवर अत्याचार झाले. अंगावर काटा येतो वाचताना. पकडले कोणाला तर भटक्या जमातीतली सहा गरीब मजूर माणसं. २००६ ला सेशनने सहाही जणांना फाशी सुनावली, हायकोर्टाने २००७ ला तिघांची फाशी ठेवून तिघांची जन्मठेप केली, आणि एप्रिल २००९ ला सुप्रीम कोर्टाने त्या तिघांनाही परत फाशी सुनावली. म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने शिक्कामोर्तब केलं, सहाच्या सहा दोषी. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता हे नंतर निघालं.

आणि मग ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने, न्यायमूर्ती सिक्री, अब्दुल नझीर आणि एम. आर. शाह यांच्या पीठाने, सहाही जणांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षं गेली होती. आता आतलं ऐका. त्या रात्री जी बाई वाचली, जी मुख्य साक्षीदार, तिने दोनच दिवसांत पोलिसांच्या अल्बममधले फोटो बघून चार माणसं ओळखली होती. ती चार माणसं वेगळीच होती, या सहांपैकी एकही नाही. तो कागद पोलिसांच्या हातात होता. त्या चौघांचा तपासच झाला नाही, आणि पुढे ओळख परेडीत हे सहा जण "ओळखले" गेले. कोर्टाने तपासावर कडक ताशेरे ओढले, त्या चौघांचा पुढे तपास करा म्हणाले, दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करा म्हणाले आणि प्रत्येकाला पाच लाख द्यायला लावले. सोळा वर्षांचे पाच लाख.

आता भीमाकाठ दादांसाठी यातला कडू भाग. ही केस परत उघडली त्याचं एक मोठं कारण म्हणजे ती फाशीची होती. २०१४ ला मोहम्मद आरिफ केसमध्ये ठरलं की फाशीच्या केसमधला रिव्ह्यू तीन न्यायाधीशांनी खुल्या कोर्टात, वकिलाचं ऐकून चालवायचा. जन्मठेपेवाल्याचा रिव्ह्यू आतल्या आत चेंबरमध्ये कागदावर बघतात आणि बहुतेक वेळा दोन ओळींत फेटाळतात. त्या सहा जणांना जन्मठेप असती तर ते आजही आत असते असं मला मनापासून वाटतं. मामांसारख्या माणसाची केस परत बघायला आपल्याकडे कुठलीही स्वतंत्र यंत्रणा नाही. कायदा आयोगाने ऑगस्ट २०१८ ला २७७ वा अहवाल दिला, चुकीच्या खटल्यात अडकवलेल्यांना भरपाईसाठी कायदा करा, विशेष कोर्टं नेमा असं सांगितलं. कायदा अजून झालेला नाही.

थेम्सकाठी

मी पुण्याची, गेली बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे. इकडे तुमच्या प्रश्नाची फार मोठी चर्चा झालेली आहे कारण इथे उलटं आहे, इथलं पॅरोल बोर्ड (कैद्याला सोडायचं का ते ठरवणारं मंडळ) कैद्याने गुन्ह्याकडे कसं बघितलं, त्यावरचे कोर्स केले का, हे तपासतं. नुसता इन्कार केला म्हणून पॅरोल नाकारता येत नाही असा नियम आहे, पण बऱ्याच कोर्सना आधी कबुली लागायची आणि कोर्स नाही तर धोका कमी झाला हे दाखवणार कसं, अशी कोंडी व्हायची.

स्टीफन डाउनिंग हे नाव शोधून वाचा. डर्बीशायरमधलं बेकवेल गाव, १९७३, कबरस्तानात काम करणारा सतरा वर्षांचा मुलगा, वाचन अकरा वर्षांच्या पोराएवढं. बाईवर हल्ला झाल्याचं त्यानेच येऊन सांगितलं, आणि पोलिसांनी तासन् तास वकिलाशिवाय बसवून त्याचाच जबाब घेतला. नंतर त्याने जबाब नाकारला आणि आयुष्यभर नाकारत राहिला. कमीत कमी सतरा वर्षं भोगायची होती, कबूल केलं असतं तर त्यानंतर केव्हाच बाहेर आला असता, पण बसला सत्तावीस वर्षं. जानेवारी २००२ मध्ये अपील कोर्टाने त्याची शिक्षा रद्द केली. म्हणजे एक तृतीयांशापेक्षा थोडी जास्त, दहाएक वर्षं त्याने फक्त "मी नाही केलं" या वाक्यासाठी जास्तीची भोगली. तुमचे मामा वेडेपणा करतायत असं कोणी म्हणालं तर त्यांना हे सांगा.

आणि जपानचे इवाओ हाकामादा. बॉक्सर होते, मिसो (सोयाबीनची आंबवलेली पेस्ट) बनवायच्या कारखान्यात कामाला. १९६६ ला मालकाच्या कुटुंबातल्या चौघांच्या खुनात अटक, १९६८ ला फाशीची शिक्षा. एक वर्षाहून जास्त काळानंतर मिसोच्या टाकीत रक्ताचे कपडे "सापडले", त्यातली पँट त्यांना कोर्टात चढतच नव्हती. निकाल लिहिणाऱ्या तीन न्यायाधीशांपैकी कुमामोतो नावाचे एक २००७ ला उघडपणे म्हणाले की मला तेव्हाच ते निर्दोष वाटत होते. २०१४ ला तुरुंगातून सुटले आणि २६ सप्टेंबर २०२४ ला पूर्ण निर्दोष, वय ८८. कोर्टाने ते कपडे तपास यंत्रणेनेच बनावट पुरावा म्हणून ठेवले असं म्हटलं.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या बहिणीबद्दल. हिदेको. एवढी वर्षं फाशीच्या कोठडीत एकटं राहून हाकामादांचं मन पार विस्कटलं, पुढे पुढे तर ती भेटायला गेली की ते म्हणायचे मला बहीण नाही, भेट नाकारायचे. ती तरी जात राहिली. निर्दोष ठरले त्या दिवशी निकाल ऐकायला कोर्टात तीच होती, ९१ वर्षांची, त्यांची तब्येत येण्यासारखी नव्हती. स्वतःचं निर्दोषपण बोलायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती तेव्हा ते तिने बोलून दाखवलं. मला वाटतं भीमाकाठ, घरच्यांचं काम हे आहे.

भीमाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. @रानमोगरा दादा तुमचं वाचून खरंच आत हललं, समोरच्या घरात पण एक बाई आहे जिचा नवरा गेला, आमच्या घरात तिचं नाव कोणी काढत नाही, मी पण कधी विचार केला नव्हता तिच्याकडे पोलीस विचारायला जात असतील म्हणून.

आजीला काल शिंद्यांची केस वाचून दाखवली. तिने विचारलं त्या पोरांच्या आया होत्या का रे बघायला. मला उत्तर माहीत नव्हतं. मग म्हणाली, त्याला सांग मी सही कर म्हणणार नाही, पण घरी यायचा अर्ज मात्र कर म्हणावं, अर्जच करायचा नाही असं नको. आता अडचण अशी की मामा म्हणतोय "माफी" हा शब्दच नको, मी कशाची माफी मागू. @कोर्टकचेरी साहेब, अर्जात नेमकं काय लिहायचं? आणि जुने कागद आता मिळतील का?

कोर्टकचेरी

आजींना नमस्कार सांगा.

मामांना सांगा की अर्ज केला नाही तरी त्यांचा विचार करणं हे सरकारचंच काम आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलंय की धोरणात बसणाऱ्या कैद्याचा विचार त्याने अर्ज केला नसला तरी करायचा. त्यामुळे हात पसरायचा प्रश्नच येत नाही. तरी मी अर्ज द्याच म्हणतो, कारण कॅटेगरीबद्दलचं म्हणणं आपण नाही मांडलं तर कोणी मांडत नाही. मी असा मजकूर देतो, साधारण असा: "मला अमुक सेशन केसमध्ये अमुक तारखेस जन्मठेपेची शिक्षा झाली असून मी आजपर्यंत प्रत्यक्ष इतकी वर्षे शिक्षा भोगली आहे. कारागृहातील माझे वर्तन चांगले आहे. संचित (फर्लो) व अभिवचन (पॅरोल) रजेवरून मी वेळेत हजर झालो आहे. माझी आई वृद्ध आहे. निकालपत्रातील नोंदी पाहता माझे प्रकरण अमुक कॅटेगरीत येते. तरी माझ्या मुदतपूर्व सुटकेचा विचार व्हावा." बस. कबुली नाही, इन्कारही नाही. इन्कार इथे लिहू नका, अर्ज बघणाऱ्याला निकाल फिरवायचा अधिकारच नाही, त्याच्याशी ती लढाई करून उपयोग नाही. रजेवरून उशिरा आलेत का हे मात्र आधी विचारून घ्या, तसं असेल तर ते वाक्य काढा आणि कारण वेगळं जोडा.

कागदांचं लगेच करा, उद्याच. सेशनच्या रेकॉर्ड रूममधून सगळ्या साक्षी, पंचनामे, ३१३ चा जबाब (आरोपीने कोर्टापुढे दिलेलं स्वतःचं म्हणणं), केमिकल अॅनालायझरचा रिपोर्ट यांच्या सही-शिक्क्याच्या नकला काढा. निकालाच्या शेवटी मुद्देमालाचा आदेश असतो, "अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा" असं बहुतेक वेळा असतंच. कुऱ्हाड अजून आहे का, त्यावरचं रक्त तेव्हा तपासलं होतं का, गट जुळला होता की "निष्कर्ष नाही" आला होता, हे बघा. ती नष्ट झाली नसेल तर ती जपून ठेवावी म्हणून कोर्टात अर्ज देता येतो, तो वकिलामार्फत द्या. जेलमधून नॉमिनल रोलची प्रत मागा, त्यात भोगलेली शिक्षा आणि मिळालेली माफी दिवसांसकट असते, बेरीज स्वतः करून बघा, चुका असतात.

आणि तो माणूस, ज्याच्याकडे मामा त्या रात्री मुक्कामाला होता आणि जो साक्षीला आला नाही. तो हयात आहे का? असेल तर भांडायला जाऊ नका, वकील बरोबर घेऊन जा आणि का आला नाही एवढंच विचारा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन माझ्या या मेसेजची प्रिंट दाखवलीत तरी चालेल, वकील फुकट मिळतो. अर्ज जेलमध्ये दिलात की आवक नंबर आणि तारीख लिहून घ्यायला मामांना सांगा.